दाजी, तुमचा फोटो मऊच ठेवलाय

दाजी,

तुम्ही गेल्यावर चौथ्या दिवशी घरात पहिलं भांडण झालं, आणि ते तुमच्या फोटोवरून झालं. ऐकून तुम्हाला बरं वाटेल, चूक माझीच होती.

पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम रविवारी ठरला. समाजमंदिराचा हॉल मिळाला, भन्तेजींना निरोप गेला, खीर कोण करणार ह्यावरसुद्धा एकमत झालं, जे आपल्या घरात सहसा होत नाही. राहिला फोटो. टेबलावर ठेवायला, हार घालायला, आणि नंतर ताईच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लावायला. अंबरनाथ पूर्वेतल्या किती घरांच्या भिंतींवर तुम्ही काढलेली माणसं टांगलेली आहेत! आणि तुमच्या घरात तुमचा एक फोटो शोधायला ताई, पुण्याहून आलेली तुमची प्रज्ञा आणि मी असे तिघं दुपारभर कपाटं उपसत बसलो होतो.

सापडला तो एक लग्नातला. त्यात तुम्ही इतके बारीक, की प्रज्ञा रडता रडता म्हणाली, "मामा, हा पप्पांचा फोटो आहे की नुसत्या सफारीचा?" दुसरा आधार कार्डावरचा. त्यात सगळेच फरार आरोपी दिसतात, तुम्हीही अपवाद नाही. मग मी मोठ्या ऐटीत खिशातून मोबाईल काढला. म्हटलं, थांबा, माझ्याकडे आहे. ह्याच मोसमातला. मीच काढलेला.

जांभळांचा तो रविवार. बदलापूरला आमच्या बिल्डिंगच्या गच्चीवर पानांच्या द्रोणातून तुम्ही जांभळं खात होतात, आणि तुमचाच कॅमेरा माझ्या गळ्यात होता. मी म्हटलं, दाजी, जीभ दाखवा. तुम्ही दाखवली नाही, पण हसलात. मी बटण दाबलं, आणि लगेच वायफायवरून तो फोटो माझ्या मोबाईलवर घेतला.

ताईनं मोबाईल हातात घेतला. बराच वेळ बघितलं. मग मला परत दिला, जसं दुकानदाराला खोटी नोट परत देतात तसा.

"हा कोण म्हातारा आणलास?"

"ताई, अगं दाजी आहेत."

"ह्यांचं तोंड असं नव्हतं. गालावर बघ, कुणी सुरीनं रेघा ओढल्यात. दाढीचे खुंट बघ, काटे. हे ह्यांचं आजारपणातलं तोंड."

"ताई, तेव्हा आजारी कुठे होते? चांगली दोन द्रोण जांभळं..."

"मग हे काय आहे?"

हे काय आहे, ते घरात मला एकट्याला माहीत होतं.

"हा मी भिंतीला लावणार नाही," ताई म्हणाली. "रोज सकाळी उठून हा चेहरा बघायचा? त्यापेक्षा फोटोच नको. भिंत रिकामी राहू दे."

आणि ती आत गेली. फोटोवाल्याच्या घरात फोटोवाल्याचीच भिंत रिकामी राहणार, आणि तीही माझ्यामुळे. दाजी, मला त्या क्षणी तुम्हाला फोन करावासा वाटला. हात खिशाकडे गेलासुद्धा. अडचणीत सापडलो की तुम्हाला फोन करायचा, ही सवय जायला वेळ लागेल.

लग्नकार्यात कुणी विचारलं की तुम्ही माझी ओळख करून द्यायचात: "हा आमचा मेहुणा, मिलिंद. कल्याणला ऑफिसात असतो, सुट्टीच्या दिवशी फोटो बिघडवतो." लोक हसायचे, मीही हसायचो, आणि मनात म्हणायचो, बोला काय बोलायचं ते, माझे फोटो तुमच्यापेक्षा कडक येतात. कारण तुमचा कॅमेरा हातात आला की पहिलं काम मी काय करायचो, तर मेन्यूत शिरून शार्पनेसची पट्टी शेवटच्या काडीपर्यंत नेऊन ठेवायचो. तुम्ही तो नेहमी तळाला ठेवायचात. मला वाटायचं, एवढा महाग कॅमेरा आणि माणूस वापरतो असा, जसं कुणी गाडी घेऊन पहिल्या गिअरमध्येच चालवावी.

स्टेशनजवळच्या तुमच्या त्या एका शटरच्या स्टुडिओत आपलं ह्यावरून किती वाजायचं. तुम्ही कॉम्प्युटरसमोर, मी तुमच्या खुर्चीमागे उभा.

"ओढा, दाजी. अजून ओढा. अजून! आत्ता कसं कडक आलं!"

"कडक पाहिजे तर घरी जा, तुझ्या ताईनं पापड भाजलेत."

"अहो, नवरीच्या भुवयांचा एकेक केस मोजता आला पाहिजे."

"केस मोजायला तिनं पार्लरवाली ठेवलीय. मला नवरी दाखवायचीय."

मग तुम्ही मास्तर व्हायचात. खुर्ची फिरवायचात, चष्मा कपाळावर. "ऐक. शार्पनेस म्हणजे काही कॅमेऱ्याला नवं दिसत नाही. जिथं काळं आणि पांढरं एकमेकांना भेटतं ना, तिथं तो काळ्याला अजून काळं करतो, पांढऱ्याला अजून पांढरं. आपला डोळा फसतो. म्हणतो, वा, काय स्पष्ट! थोडंसं फसवलं तर गोड लागतं. फार केलं की माणसाच्या कडेनं पांढरी रेघ फिरते. जणू त्याला कात्रीनं कापून मागच्या पडद्यावर चिकटवलाय."

"आणि फोटो हलला असेल तर?"

"तर ते हललेलं शार्प होतं. तुझ्या सगळ्या फोटोंसारखं."

मी एकदा विचारलं होतं, मग कॅमेऱ्यातच थोडा जास्त ठेवला तर बिघडलं कुठं, नंतर कमी करता येईल की. तेव्हा तुम्ही शटरबाहेर बोट दाखवलंत. समोरून उल्हासनगरचा टेम्पो चालला होता, जीन्सच्या गठ्ठ्यांनी फुगलेला. "कॅम्पात जीन्स घासून घासून पांढरी करतात, बघितलंस? निळी असेल तर पाहिजे तेवढी पांढरी करता येते. घासलेली परत निळी करून दाखव." मी म्हटलं, रंगवता येते. तुम्ही म्हणालात, "हो, आणि मग ती रंगवलेली दिसते."

मी विषय बदलला, कारण मेहुण्यानं दाजींपुढं हार मानायची आपल्याकडे पद्धत नाही.

माझ्या ह्या शार्पनेसच्या हट्टाचं मूळ शेवटी तुम्हीच शोधलंत. तुम्ही एक फोटो पडद्यावर लावून म्हणालात, मागची पाटी वाच. मी वाचली. तुम्ही म्हणालात, तिथं पाटीच नाहीये, तो झाडू आहे. त्याच संध्याकाळी हात धरून मला चष्म्याच्या दुकानात नेलंत. नंबर निघाला. तुम्ही दुकानदाराला म्हणालात, "दोन वर्षं हा माझे फोटो मऊ आहेत म्हणून भांडतोय." सगळं दुकान हसलं. पंचेचाळिशी उलटलेल्या माणसाला चष्मा लागला तर त्यात हसण्यासारखं काही नाही, असं माझं आजही मत आहे. आणि चष्मा लागल्यावरही मी शार्पनेस वरच ठेवायचो. नजरेचं औषध निघालं, अहंकाराचा नंबर अजून काढायचाय.

पण ह्या सगळ्याआधी प्रज्ञाची हळद झाली होती. त्याबद्दल आपण कधीच बोललो नाही.

मुलीच्या हळदीत बापानं कॅमेरा घेऊन फिरायचं नाही, असं ताईनं बजावलं होतं, म्हणून कॅमेरा माझ्याकडे आला. मी काडी शेवटपर्यंत नेली आणि दिवसभर फोटो काढले. नंतर ते पडद्यावर आले तेव्हा हळदीच्या अंगणात आपले सगळे नातेवाईक होते, पण प्रत्येकाच्या कडेनं पांढरी रेघ, पावडरचा कण न् कण वेगळा, आणि ओल्या हळदीचं चेहऱ्यावर वाळलेलं चिखल-शेत. बदलापूरच्या मोठ्या काकूंनी अल्बम बघितला आणि भर घरात मला विचारलं, "मेल्या, माझ्या तोंडावर नांगर फिरवलास का रे?"

मी तोंड उघडणार, तेवढ्यात तुम्ही बोललात. "काकू, त्याचं काही नाही. कॅमेराच जुना झालाय. माझी चूक, मी बदलायला पाहिजे होता."

कॅमेरा तेव्हा सहा महिन्यांचा होता.

त्यानंतर तुम्ही कित्येक दिवस एकेक चेहरा मऊ करत बसलात. जेवढं सुधारलं तेवढं सुधारलं. पांढरी रेघ गेली नाही. तुमच्या एकुलत्या एका मुलीच्या हळदीचे फोटो कायमचे तसेच राहिले, आणि तुम्ही मला एक शब्द बोलला नाहीत. बोलला असतात तर मी भांडलो असतो, आणि भांडता भांडता माफीही मागून टाकली असती. तुम्ही बोलला नाहीत, म्हणून मीही बोललो नाही. सगळी वर्षं ते असंच राहिलं.

आणि आता पुन्हा तेच. ह्या वेळी तुमच्या चेहऱ्यावर, आणि मऊ करायला तुम्ही नाही.

शनिवारी सकाळी ताईकडून चावी घेतली आणि तुमचं शटर उघडलं. म्हटलं, कॅमेऱ्याच्या कार्डावर त्या दिवसाचा दुसरा एखादा फोटो असेल, जरा लांबून काढलेला, ज्यात रेघा कमी दिसतील. तुमच्या खुर्चीवर बसायला मन धजेना. आधी स्टूल ओढलं. स्टुलावरून माऊसपर्यंत हात पोचेना, तेव्हा खुर्चीवर बसलो. ती माझ्या बाजूला कलली. तुम्ही इतकी वर्षं तिला डावीकडे झुकून बसायची सवय लावलीय, हे मला मागे उभं राहून कधी कळलं नव्हतं.

कार्ड लावलं. जांभळांच्या दिवसाचा प्रत्येक फोटो दोनदा होता. एक उघडायचा, तोच सुरीच्या रेघांचा. दुसरा त्याच नंबरचा, पण वेगळ्या जातीचा, आणि आकारानं कितीतरी मोठा. मला ती रॉ फाईल ओळखता येते, म्हणजे कच्ची, कॅमेऱ्यानं शिजवण्याआधीची. मेन्यूतला शार्पनेस तिच्यात मुरत नाही. पण तुम्ही कधी रॉ काढायचा नाहीत. लग्नात हजारो फोटो, एवढ्या जड फाईली ठेवणार कुठं, असं तुम्हीच म्हणायचात. तुमच्या स्वतःच्या कामाचे फोल्डर उघडून बघितले. सगळीकडे एकेकच फाईल.

मग एक फोल्डर दिसलं. नाव: "मिलिंदचे कच्चे."

दाजी, आत आपल्या घरातली सगळी कार्यं होती. प्रज्ञाच्या हळदीनंतरची. मी काढलेली. प्रत्येक वेळी माझ्या हातात कॅमेरा देण्याआधी तुम्ही गुपचूप तो दोन्ही फाईली ठेवण्यावर लावत होतात. मी शार्पनेस वर नेतो हे तुम्हाला पहिल्यापासून माहीत होतं. तुम्ही मला थांबवलं नाहीत, नुसती खाली जाळी धरून ठेवलीत. आणि प्रत्येक कच्च्या फाईलच्या शेजारी तुम्ही त्यातून केलेला फोटो होता. मऊ, नीट, डोळे जिवंत.

तेच फोटो तुम्ही छापून माझ्या हातात द्यायचात, आणि मी लोकांना वाटत आलो! हळदीनंतर सगळे म्हणायला लागले, मिलिंदचा आता हात बसला. मला खरंच वाटलं, बसला. त्याच मोठ्या काकूंनी नातवाच्या बारशाला खास मला बोलावलं, तुम्हाला नाही, मला, आणि मी तुम्हाला मुद्दाम दोनदा सांगितलं की मला बोलावलंय. तुम्ही म्हणालात, "जा की. कार्ड मोठं ने, तुझं लवकर भरतं." मला वाटलं होतं, मी फोटो फार काढतो म्हणून भरतं.

तुमच्या रिकाम्या स्टुडिओत बसून मी आधी खूप हसलो. मग जे व्हायचं ते झालं. मग उठून तोंड धुतलं, आणि हळदीसाठी माफी मागितली. मोठ्यानं. शेजारच्या स्टेशनरीवाल्यानं डोकावून विचारलं, कुणाशी बोलताय? मी म्हटलं, जरा जुनं काम निघालंय.

जांभळांचा फोटो तुम्ही केला नव्हता. स्वतःचा चेहरा सुधारत बसणारे तुम्ही नव्हेत. म्हणजे तो मलाच करायचा होता.

कच्ची फाईल उघडली तर चेहरा फिका, पाणी घातलेल्या डाळीसारखा. पण रेघा नव्हत्या! गालावर तुमच्या वयाच्या सुरकुत्या होत्या, जेवढ्या होत्या तेवढ्याच, सुरीच्या नव्हेत. मी उजेड थोडा वाढवला. मग शार्पनेसवर आलो, आणि तुमची शपथ, हात आपोआप उजवीकडे निघाला. शेवटच्या काडीपर्यंत. पडद्यावर तोच म्हातारा हजर. हात मागे घेतला.

मग तुम्ही करायचात तसं केलं. आधी छापायचा आकार ठरवला, कारण शार्पनेस सगळ्यात शेवटी. मग ते बटण दाबून धरलं, ज्यानं चेहरा नाहीसा होतो आणि नुसतं काळं-पांढरं उरतं: पांढरं दिसेल तिथंच शार्पनेस बसणार, काळं तिथं हातही लागणार नाही. गाल काळे झाले. कपाळ काळं. उरले डोळे, चष्म्याची कड, मिशी आणि ओठावरची जांभळाची ओल. मग उठून दाराजवळ गेलो आणि तिथून बघितलं. भिंतीवरचा फोटो कुणी नाकाला लावून बघत नाही, हे वाक्य मी तुमच्याकडून शंभरदा ऐकलं असेल. उठून दारापर्यंत मात्र पहिल्यांदाच गेलो.

दारातून बघितलं, तर तुम्ही खुर्चीसमोरच्या पडद्यातून माझ्याकडे बघत हसत होतात.

दुपारी शेअर रिक्षानं उल्हासनगरच्या कॅम्प तीनला गेलो, हरेशभाईंच्या लॅबमध्ये. त्यांना काही कळलेलं नव्हतं. मला बघून म्हणाले, "आओ साईं! दाजी ने तुमको भेजा? खुद आलसी हो गए क्या?" मी नुसता पेनड्राइव्ह पुढं केला. त्यांनी तो लावला आणि पडद्याकडे न बघताच सवयीनं विचारलं, "मशीन का शार्प चालू रखूँ?"

"बंद करो," मी म्हटलं. "जितना करना था, फोटो में किया है."

हरेशभाई हसायला लागले. "लो! दाजी की बीमारी तुमको भी लग गई? बीस साल से मेरा दिमाग खाते हैं. हरेश, तेरी मशीन को बोल, मेरे काम में हाथ नहीं डालने का."

मग मशीनमधून फोटो बाहेर आला. एवढा मोठा, एकट्याचा, साधा. असा फोटो कशासाठी छापतात हे त्या माणसाला सांगावं लागत नाही. हरेशभाईंनी तो दोन्ही तळव्यांवर धरला, ओली शाई असल्यासारखा.

"कब?"

"सोमवार को."

मागे गिऱ्हाईक उभं होतं, त्याला त्यांनी हातानंच थांबवलं. मग म्हणाले, "एक छोटा मेरे लिए भी निकालता हूँ. काउंटर पे लगाऊँगा. जो आके बोलेगा ना, और शार्प करो, उसको दिखाऊँगा."

संध्याकाळी ताईच्या घरी पोचलो तेव्हा ती तांदूळ निवडत होती. प्रज्ञानं माझ्या हातातलं पाकीट बघितलं आणि डोळ्यांनीच विचारलं, आत्ता दाखवणार? मी म्हटलं, आत्ता नाही तर कधी. फोटो काढून समोरच्या भिंतीला टेकवून खाली ठेवला आणि बाजूला झालो.

ताईनं परात खाली ठेवली. आधी बसल्या जागेवरून बघितलं. मग सरकत सरकत जवळ गेली.

"शर्ट बघ," ती म्हणाली.

"काय?"

"शर्ट बघ ह्यांचा! मी निघताना सांगितलं होतं, जांभळं खायला चाललाय, पांढरा घालू नका. ऐकतील तर शप्पथ." ती आता माझ्याशी बोलत नव्हती. "पाडलात ना डाग? खिशावरच पाडलात ना? लिंबू लावलं, सोडा लावला, निघाला का? आणि वर दात काढताय. काय मोठं काम केलंत म्हणून हसताय हो?"

प्रज्ञा रडायला लागली आणि हसायलाही. ताई बोलतच होती. शर्टावरून ती चपलांवर आली, चपलांवरून गोळ्या विसरण्यावर, तिथून माझ्यावर, की ह्या मिलिंदला तुम्हीच डोक्यावर चढवून ठेवलंत. पाच दिवस त्या घरात सगळे हळू आवाजात बोलत होते. त्या संध्याकाळी पहिल्यांदा ताईचा आवाज जिन्यापर्यंत गेला. खालच्या वहिनी काय झालं म्हणून बघायला वर आल्या, तर ती त्यांना फोटो दाखवून म्हणाली, "बघा, ह्यांचा शर्ट."

मग पदरानं डोळे पुसून मला म्हणाली, "खिळा थोडा वर ठोक. दारातून आल्या आल्या दिसले पाहिजेत."

रविवारचा कार्यक्रम नीट झाला. मोठ्या काकू फोटोसमोर बसून होत्या. जाताना म्हणाल्या, "कुणी काढला रे? फार गोड आलाय." मी म्हटलं, दाजींनीच. त्या म्हणाल्या, वेड्या, माणूस स्वतःचा फोटो कसा काढेल? मी म्हटलं, काकू, मलाही कालच कळलं.

प्रज्ञा जाताना कॅमेरा माझ्याकडे ठेवून गेलीय. शार्पनेस तळाला आहे, दोन्ही फाईली चालू आहेत. पुढच्या महिन्यात कॅम्प एकमध्ये एक साखरपुडा आहे. तुमचंच गिऱ्हाईक होतं, त्यांनी मला विचारलंय, आणि मी हो म्हटलंय. आता मागे जाळी धरायला कुणी नाही, म्हणून कार्ड मोठं घेतलंय.

आणि एक गोष्ट राहिली. ताईला सांगितली नाही, हरेशभाईंना कळली नाही, तुम्हाला मात्र दारातूनच कळली असती. तुमच्या मिशीवर मी तुमच्या मापापेक्षा एक काडी जास्त चढवलीय. चूक म्हणा तर चूक म्हणा. मिशी तुमची होती तशीच दिसतेय, आणि ह्या एका बाबतीत माझंच बरोबर आहे, दाजी.